ताट पडल्याशिवाय लय बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या पाच जणांचा गट आहे: ऑपेरा शिकलेली एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, अकॉर्डियन, क्लॅरिनेट, चेलो आणि काहोन, म्हणजे हातानं वाजवायचा लाकडी खोका. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या 'व्हॅगाबॉण्ड ऑपेरा' या बँडची गाणी ऐकून त्यांनी ऑपेरा, बाल्कन आणि क्लेझमर एकत्र आणणारा नाट्यमय कॅबरे बसवायला घेतला. आठ महिने तालमी झाल्या. प्रत्येक गाणं सुटं चांगलं वाजतं, पण सलग ऐकलं की 'तीन रेडिओ आळीपाळीनं लावल्यासारखं' वाटतं. एकमेकांशी जुळणाऱ्या सुरावटी निवडाव्यात, की अरेंजमेंट बदलावी? आणि जाहिरातीत कोकणातल्या ज्यूंशी नातं जोडलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे: जोडू नका. क्लेझमर हे पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंचं संगीत. आपल्या रायगडातले बेने इस्रायल मराठी बोलणारे, त्यांच्यात मराठी कीर्तनं झाली, मलिद्याचा विधी आहे, तो वारसा पूर्ण वेगळा. धर्म एक म्हणून संगीत एक होत नाही.

आता मुख्य मुद्दा. सुरावटी बदलू नका, अरेंजमेंटही ठेवा. तुमचं तालमीचं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. वादन चोख आहे, क्लॅरिनेटचा तर हेवा वाटला. पण प्रत्येक जोडावर एकच गोष्ट होते. गायिकेचा वरचा स्वर संपतो, क्षणभर शांतता, कुणीतरी दबक्या आवाजात 'वन, टू' म्हणतं आणि काहोन सुरू होतं. तुमचा कार्यक्रम त्या 'वन, टू'मध्ये मरतो. लय बदलली हे ऐकणाऱ्याला कळतं, ती का बदलली हे कळत नाही.

मंगलाष्टकं आठवा. मामा एका पट्टीत, मावशी दुसऱ्या पट्टीत, कुणीतरी स्वतः रचलेलं कडवं शार्दूलविक्रीडितात कोंबतंय, माइक हातातून सुटत नाहीये. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि त्याच क्षणी बँड अंगावर येतो. संगीत म्हणून पाहिलं तर याहून ओबडधोबड सांधा सापडायचा नाही. पट्टी जुळत नाही, वेग जुळत नाही, वाद्यांचा तर संबंधच नाही. तरी आजवर कुणाला तो खटकलेला नाही, कारण अंतरपाट खाली येताना सगळ्यांनी पाहिलेला असतो.

तुम्ही ज्या तीन परंपरांतून गाणी उचललीत, त्या तिन्हींत असा एकेक अंतरपाट आहे. गाणं घरी आणताना तो तिकडेच राहिला.

क्लेझमर घ्या. हिब्रूत 'कले' म्हणजे साधन आणि 'झेमेर' म्हणजे गाणं. शब्द आधी वाद्याला, मग वाजवणाऱ्याला लागला. ही माणसं लग्नात वाजवणारी. विधीआधी नवरीला खुर्चीवर बसवत आणि बादखन नावाचा यमक्या, म्हणजे आपला सोंगाड्या आणि कीर्तनकार यांच्या मधला माणूस, तिला संपत आलेल्या माहेरपणाबद्दल ऐकवत ऐकवत रडवत असे. फिडल त्याच्या मागे हुंदके देत राही. मग चेहऱ्यावर ओढणी येई, विधी पार पडे, नवऱ्याच्या टाचेखाली पेला फुटे आणि वादक नाचाच्या लयीवर उडी घेत. त्या संगीताला पेला फुटण्याचा आवाज ठाऊक आहे. तुम्ही पेल्याच्या अलीकडची धून घेतलीत, पलीकडचीही घेतलीत, पेला मात्र घेतला नाहीत.

बाल्कनमध्ये हे काम नाचणारा करतो. साखळीच्या टोकाचा माणूस रुमाल फिरवतो, पावलं बदलतो आणि ढोल त्याच्या पायांकडे बघत बदलतो. शिवाय पैसा. रोमा, म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो त्यांतला, वादक टेबलापाशी येतो, पाहुणा त्याच्या कपाळाला नोट चिकटवतो आणि क्लॅरिनेट एकदम तार सप्तकात चढतं. आपल्या वरातीत नोट ओवाळली की ताशावाला काय करतो ते तुम्हाला सांगायला नको.

ऑपेरात तर हे कागदावरच लिहिलेलं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन ऑपेरातलं मोठं गाणं एका ठरलेल्या साच्यात येतं: आधी संथ भाग, शेवटी कॅबालेट्टा नावाचा द्रुत भाग, आणि या दोहोंच्या मध्ये एक छोटा तुकडा, ज्यात काहीतरी घडतं. निरोप्या येतो, दार वाजतं, पत्र मिळतं. बेल्लिनीच्या 1831 सालच्या 'नॉर्मा'त चंद्राची ती प्रसिद्ध प्रार्थना संपते आणि जमाव रोमनांच्या रक्ताची भाषा बोलू लागतो. नॉर्माचा प्रियकर स्वतःच रोमन आहे. तिच्या पोटात खड्डा पडतो आणि तिथून द्रुत सुरू होतं. मैफलींत प्रार्थना तेवढी गातात, त्यामुळे पुढचा हा तुकडा कित्येकांनी ऐकलेलाच नसतो. तुमच्या गायिकेला विचारा. तिनं तो शिकलेला असणार.

आता याच्या शेजारी क्लेझमरची पारंपरिक माळ ठेवा. आधी दोयना: रुमानियातून आलेला, तालाविना चालणारा, एका धरलेल्या कॉर्डवर पसरत जाणारा भाग, तुमच्या भाषेत आलाप. मग झोक, तीन मात्रांचा डुलत चालणारा, ज्यात मधली मात्रा बहुधा वाजतच नाही. मग बुल्गार किंवा फ्रेलेख्स, म्हणजे नाच. संथ, वळण, द्रुत. मिलानच्या नाट्यगृहातला आणि मोल्दाव्हियातल्या मांडवातला सांगाडा एकच निघतो. ऑपेरा आणि क्लेझमर जुळतात ते स्वरांमुळे नव्हे, या सांगाड्यामुळे. तुमच्याकडे वळणाचा भाग नाही, बस.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी पंचवीसेक वर्षं अकॉर्डियन वाजवतोय. त्यातली नऊ इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलच्या एका सहा जणांच्या बँडमध्ये गेली. पहिली दोन वर्षं आमचंही तुमच्यासारखंच होतं. एका रात्री एका पबच्या वरच्या मजल्यावर प्रयोग होता. साठेक माणसं, टेबलांना टेबलं चिकटलेली, मंच म्हणजे चार लाकडी खोके. आमची सोप्रानो संथ भागाच्या शेवटच्या स्वरावर होती, डोळे मिटलेले, आणि मागे वेटरच्या हातातली ताटं पडली. एक नाही, सगळी चळत. तिनं स्वर सोडला नाही. डोळे उघडले, मान सावकाश त्याच्याकडे वळवली आणि राणीनं गुन्हेगाराकडे बघावं तसं बघत राहिली, स्वर तसाच लांबवत. लोक श्वास रोखून. आमचा ड्रमवाला खट्याळ. त्यानं ड्रमच्या कडेवर हळूच सातचा ठेका धरला, जणू वेटर चोरपावलांनी पळतोय. वेटरही भला माणूस, तो खरंच चोरपावलांनी निघाला. आम्ही सगळे एकदम आत शिरलो. त्या रात्री लोकांनी टेबलं बडवून काढली.

वाजवलं तेच होतं. तेच स्वर, तीच सात, सोप्रानोचा तोच वरचा सूर. परतीच्या व्हॅनमध्ये ड्रमवाला म्हणाला, 'उद्यापासून ताट आपलं आपण नेऊ या.' माझ्याकडे आईनं पुण्याहून दिलेलं स्टीलचं ताट होतं, मागे तिचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. पुढची सात वर्षं ते अकॉर्डियनच्या पेटीतून फिरलं.

तेव्हा तालमीत पहिलं काम हे करा. वाद्यं पेटीतच ठेवा. सगळ्या गाण्यांच्या जोडांची यादी काढा आणि प्रत्येक जोडावर काय घडतं ते ठरवा. घडणं म्हणजे भाषण नव्हे. क्लॅरिनेटवाला गायिकेच्या खुर्चीवर बसतो. चेलोवाली गज खाली ठेवून पाणी पिते आणि पीतच राहते. कुणाचा तरी फोन वाजतो आणि ती रिंगटोन म्हणजेच पुढची धून असते. प्रत्येक वेळी लोकांना कळलं पाहिजे की आता या माणसाला संथ राहणं शक्य नाही. 'वन, टू' म्हणायला कायमची बंदी. इशारा शरीरातून द्या: खांदा, गज, भात्याचा श्वास.

सांधा लपवायलाच हवा असं मात्र नाही. तो ढळढळीत दाखवताही येतो, आणि कॅबरे या शब्दाचा खरा अर्थ तिथे सुरू होतो. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हेलन आणि पिसांचा पोशाख. मूळ गोष्ट वेगळी: पॅरिसचं 'ला शा न्वार' 1881 साली निघालं, बर्लिनचं 'युबरब्रेट्ल' 1901 साली, छोटी जागा, टेबलं, प्यायला काहीतरी, आणि गाणी-नकला-टोमणे यांना जोडणारा एक तोंडाळ सूत्रधार. 1928 साली बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी 'थ्री पेनी ऑपेरा' आणला तो या मातीतून. मंचावर सातच वादक, आणि सात जणांनी मिळून वीसहून अधिक वाद्यं वाजवली. गाणं आलं की प्रकाश बदलायचा, म्हणजे लेको, आता गाणं आहे, खोटं खोटं, बघा. शिवण आतून घालण्याऐवजी बाहेरून लाल दोऱ्यानं घातली.

हे तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. पु. ल. देशपांड्यांनी त्याच नाटकाचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, जब्बार पटेलांनी 1978 साली तो थिएटर अकॅडमीतर्फे उभा केला आणि नाट्यसंगीत, लावणी व नंदू भेंडेंचं रॉक एका मंचावर आलं. तेही जुळत नव्हतंच. जुळवायचं नव्हतं, एकाच्या तोंडावर दुसरं आपटायचं होतं.

गोव्याकडे बघायला तर विसरूच नका. पहिलं तियात्र, म्हणजे गोव्याचं कोकणी गाण्याबजावण्याचं नाटक, मुंबईत 17 एप्रिल 1892 रोजी झालं, 'इटालियन भुरगो', आणि लुकाझिन रिबेरोंना त्याची प्रेरणा मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीवरून मिळाली. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये कांतारं, म्हणजे गाणी, येतात: कथानकाशी काडीचा संबंध नाही, पुढे येऊन माइकसमोर उभं राहायचं, सरकारची आणि शेजाऱ्याची खिल्ली उडवायची, खाली बसलेला बँड ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर उचलून धरतो. म्हणजे ऑपेरातून निघालेला कॅबरे पाचशे किलोमीटरवर रोज चालू आहे आणि आपण पोर्टलंडचे व्हिडिओ बघतोय. बघा, जरूर बघा. पण एकदा मडगावला जाऊन कांतारवाला टाळी कशी घेतो, टाळी ओसरायच्या आत पुढचं कडवं कसं उचलतो, तेही बघून या.

आता वाजवण्याबद्दल. यात तुमच्या ज्या चुका होतायत त्या आपल्याकडच्या सगळ्यांच्याच होतात, माझ्याही झाल्या.

काहोनवाल्याचा हात तबल्याचा आहे, ऐकताक्षणी कळतं. म्हणूनच तो सातमध्ये अडकतो. त्याला वाटतं, सात म्हणजे रूपक, आपण लहानपणापासून वाजवतोय. रूपक तीन-दोन-दोन; बल्गेरियाची राचेनित्सा दोन-दोन-तीन. ही अदलाबदल क्षुल्लक आहे, खरा फरक वेगाचा. राचेनित्साचं अख्खं आवर्तन साधारण एका सेकंदात संपतं. त्या वेगात सात मोजता येत नाहीत. मोजायला गेलात की हात आखडतो आणि ठेका गणितासारखा वाजतो. नाचणारा तीनच मोजतो: आखूड, आखूड, लांब. खोलीभर चाला, दोन छोटी पावलं, एक ढांग. तुर्कीत अशा विषम ठेक्यांना 'अक्साक' म्हणतात, म्हणजे लंगडा. आठवडाभर लंगडत चाला, घरच्यांना सांगून ठेवा, मग वाद्याला हात लावा. अकराची कोपानित्सा दोन-दोन-तीन-दोन-दोन. ढांग मधोमध येते. तीही चालूनच येते.

आणि त्याची दुसरी सवय. रूपकात पहिली मात्रा खाली, म्हणजे तिथे हात हलका. राचेनित्सात पहिल्या मात्रेवर नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर आदळतो. आमच्याकडे एकदा पुण्याचा एक तबलजी पाहुणा म्हणून आला होता, फार तयारीचा. त्यानं पहिली मात्रा इतकी नाजूक सोडली की पुढे नाचणाऱ्या बाईचा पाय हवेतच राहिला. तिला वाटलं, बँड थांबला.

काहोन मला स्वतःला इथे फारसं आवडत नाही. त्याचा खर्ज कोरडा आहे. बाल्कन तापान म्हणजे मोठा ढोल, एका हातात जाड दांडू, दुसऱ्यात बारीक छडी: दांडूनं पावलं, छडीनं मधली कुजबुज. कुठलाही बऱ्यापैकी ढोल आडवा गळ्यात घालून हे जमतं. चार हजार रुपयांच्या आत काम होईल.

स्वरांकडे येऊ. क्लेझमरमधली सर्वांत ओळखीची स्वरमाला फ्रायगिश: रे कोमल, गंधार शुद्ध, मध्यम शुद्ध, धैवत-निषाद कोमल. सरळ वसंत मुखारी. दुसरी एक आहे, गंधार कोमल, मध्यम तीव्र, निषाद कोमल, बाकी शुद्ध. कर्नाटक पद्धतीत तिला हेमवती म्हणतील. हे कळलं की आपली माणसं खूश होतात आणि लगेच मींड घ्यायला लागतात. तिथेच घात. क्लेझमरचा अलंकार वेगळा आहे. 'क्रेख्त्स' म्हणजे कण्हणं, हुंदका: स्वर संपता संपता घसा क्षणभर आवळल्यासारखा तुटतो. मींड दोन स्वरांना जोडते, क्रेख्त्स स्वराचा गळा धरते. नाफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टॅरास या दोन क्लॅरिनेटवाल्यांची 1920च्या दशकातली न्यूयॉर्कची रेकॉर्डिंग ऐका. एकच कडवं निवडा, अर्ध्या वेगानं लावा आणि प्रत्येक हुंदका कुठल्या मात्रेच्या शेपटीला आहे ते लिहून काढा. क्लॅरिनेटवाल्याला तीन महिने पुरेल एवढं काम त्या एका कडव्यात आहे.

कॉर्ड्स कमी करा. अकॉर्डियनवाला पाश्चात्त्य शिकवणीतून आलाय, म्हणून डी फ्रायगिशमध्येही, म्हणजे डी हा सा धरलेल्या फ्रायगिशमध्ये, तो प्रत्येक ओळीच्या शेवटी ए सेव्हन घालून डीवर येतो. ए सेव्हनमध्ये सी शार्प आहे आणि या स्वरमालेत तो नाहीच. गाण्याचा चेहरा तिथे पुसला जातो. सी मायनरवरून डीवर या. मधे लागला तर जी मायनर. तीन कॉर्ड्समध्ये अख्खी लग्नं निघाली आहेत. आणि तुमच्याकडे चेलो आहे तर डाव्या हाताची खर्जाची बटणं सोडून द्या. 'उम-पा' ठेक्यातला खालचा 'उम' चेलोचा, वरचा 'पा' अकॉर्डियनचा. दोघंही 'उम' वाजवतात म्हणून खाली चिखल होतोय.

सुराचं एक व्यावहारिक. तुमचं अकॉर्डियन युरोपातून आलेलं असेल तर त्याचा मूळ 'ए' स्वर बहुधा 442 हर्ट्‌झला लावलेला असणार, आणि इकडचे ट्यूनर, कीबोर्ड सगळे 440ला. रेकॉर्डिंगमध्ये चेलो आणि अकॉर्डियन एकमेकांना किंचित खातात ते यामुळेच, असा माझा अंदाज. अकॉर्डियनच्या पट्ट्या मंचावर पिळता येत नाहीत. बाकीच्यांनी अकॉर्डियनकडे यायचं. पेटीवाल्याच्या घरी तंबोरे पेटीला लावतात तसं. पावसाळ्यात अकॉर्डियनच्या पेटीत सिलिकाच्या पुड्या टाका, आतले चामड्याचे पडदे वळले की बारीक शिट्टी ऐकू येते आणि दुरुस्तीवाला सहा महिने भेटत नाही.

गायिकेबद्दल जरा जपून लिहितो, कारण तिच्यावर सगळे टीका करत असणार. ऑपेराचा आवाज माइकविना, साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे पोचावा म्हणून घडवलेला असतो. त्याची ताकद 3000 हर्ट्‌झच्या आसपास एकवटते, आणि आपला कान नेमका तिथे सर्वांत तिखट असतो. तोच आवाज ओठाला माइक चिकटवून दिलात तर पत्रा कापल्यासारखा लागणार. तिचा दोष नाही. माइक हातभर लांब न्या. साठ माणसांची खोली असेल तर काढूनच टाका आणि बाकीच्यांना हळू वाजवायला सांगा. शब्द कळत नाहीत ही दुसरी तक्रार. वरच्या पट्टीत 'ई' आणि 'आ' यांतला फरक जवळपास पुसला जातो. हे ध्वनिशास्त्र आहे, उच्चार सुधारून सुटत नाही. म्हणून गाण्याची वाटणी अशी करा: गोष्ट, टोमणा, शिवी, विनोद, सगळं खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं, ऑपेराचा आवाज राखून ठेवा तो शब्द संपल्यावर उरलेल्या स्वरासाठी. आठ ओळी बोलीसारख्या आणि नवव्या ओळीच्या शेवटच्या आकारावर छप्पर उडालं, तर लोक खुर्चीला धरून बसतात. तुमच्याकडे ती पहिल्या ओळीपासून छप्पर उडवतेय.

व्हॅगाबॉण्ड ऑपेरा 2002 साली सुरू करणारा एरिक स्टर्न टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, आहे आणि अकॉर्डियनही तोच वाजवतो. लंडनच्या 'टायगर लिलीज' या बँडचा मार्टिन जॅक्सही तसाच, फॉल्सेटो, म्हणजे बायकी उंच आवाजात, गाणारा आणि अकॉर्डियन गळ्यात. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. गाणाऱ्याचा श्वास आणि भात्याचा श्वास एकाच छातीवर असला की लय कधी ताणायची, कधी सोडायची हे दोघांत ठरवावं लागत नाही. तुमच्याकडे ही दोन माणसं आहेत आणि ती मंचाच्या दोन टोकांना उभी असतात. शेजारी आणा. ती जिथे श्वास घेते तिथेच त्यानं भाता उलटवायचा. दुसरीकडे कुठेही नाही. संगीत नाटकात ऑर्गनवाला गायकनटाचा श्वास ऐकत बसलेला असे, ते काम. महिनाभर फक्त या दोघांनी दोयना करावी, बाकीच्यांनी घरी बसावं.

पोशाखाचं विचारलं नाहीत, पण पोस्टरचा फोटो पाहिला म्हणून. घागरे, कानात मोठ्या रिंगा आणि वर 'जिप्सी नाइट'. हे काढा. मराठीत जिप्सी शब्द गोड आहे, भटक्या मनाचा वगैरे. युरोपात तो रोमा लोकांना शतकानुशतकं शिवीसारखा चिकटवला गेला, आणि नाझींनी ज्यूंच्या बरोबरीनं त्यांनाही मारलं. ज्या दोन समाजांची गाणी तुम्ही वाजवताय, त्यांचे कित्येक वादक एकाच धुरात गेले. आणि रोमा आपल्याला तितके लांबचेही नाहीत: त्यांची भाषा भारतातून गेलेली आहे. येख, दुय, त्रिन, श्तार, पांझ. पहिल्यांदा हे आकडे मी एका मॅसेडोनियन रोमा ट्रम्पेटवाल्याच्या तोंडून ऐकले. तो आमचा ठेका मोजत होता आणि मी चमकून थांबलो. त्यानं विचारलं, काय झालं? मी त्याला मराठीत दहापर्यंत मोजून दाखवलं. सात, आठ, नऊला त्यानं मान हलवली, तिथे त्यांच्याकडे ग्रीक आकडे शिरलेत. 'देश' आणि 'दहा'पाशी पुन्हा भेट झाली. तर घागरे नकोत. काळा शर्ट, इस्त्री केलेला, आणि प्रत्येकाचं मंचावर एक पात्र: कोण कोणावर चिडलंय, कोणाला घरी लवकर जायचंय, कोणाचे पैसे थकलेत. तुमच्या पाच जणांत यातलं काही ना काही खरं असणारच, तेच वापरा.

ताट स्टीलचं घ्या, जाड बुडाचं, आणि फरशीवर नव्हे, लाकडावर टाका. पातळ पत्र्याचं दोन प्रयोगांत चेपतं. काठावर पडलं तर ते गोल फिरत राहतं आणि आवाज हळूहळू वेग घेत जातो. काहोनवाल्याला सांगा, ठेका त्या फिरण्यातूनच उचलायचा. ते थांबायच्या आत.